झोपलेल्याच्या अंगावरचं पाणी

मंडळी, ख्रिस्तोफर नोलनचा 'इन्सेप्शन' हा चित्रपट २०१० साली आला. दुसऱ्याच्या स्वप्नात शिरून विचार चोरणाऱ्या टोळीची ही गोष्ट. तेव्हापासून लोक दोनच गोष्टी विचारतात. शेवटी नायकाचा तो भोवरा (पडला तर जाग, फिरत राहिला तर स्वप्न) पडतो की नाही, आणि खरंच असं दुसऱ्याच्या स्वप्नात शिरता येतं का? भोवऱ्याचा वाद मी घेणार नाही. नोलननं चित्रपट अशा जागी तोडलाय की कुणीच हरत नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र दम आहे.

नेहमीचा आक्षेप असा, की यातली स्वप्नं स्वप्नांसारखी वाटतच नाहीत. सगळं कसं आखीव! आपल्या स्वप्नात वारलेली आजी परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून येते आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. तसला गोंधळ हवा असेल तर सातोशी कोन यांचा २००६चा 'पॅप्रिका' पाहा. पण इथे स्वप्न झोपणाऱ्यानं रचलेलंच नाही, ते चोरांनी आधी आराखडा काढून बांधलंय. ते आखीव असणारच की!

मी दाद देतो ती गळतीला. बाहेरच्या शरीराला जे होतं ते आतल्या स्वप्नात झिरपतं. झोपलेल्या कॉबला, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला, पाण्याच्या टबात ढकलतात, तर स्वप्नातल्या महालात पाण्याचे लोंढे घुसतात. टोळीतल्या युसुफला लघवी लागलेली, म्हणून त्याच्या स्वप्नात धो धो पाऊस. त्याच स्वप्नात गाडी पुलावरून कोसळते आणि एक पायरी खाली, म्हणजे स्वप्नातल्या स्वप्नात, हॉटेलात, माणसं तरंगू लागतात. (त्याच्याही खाली, बर्फाच्या डोंगरावर, कुणीच तरंगत नाही. का, ते विचारायचं नाही.)

ही कल्पना हवेतली नाही. झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी १९५८ साली झोपलेल्या माणसांच्या अंगावर चक्क पाणी उडवलं. तेही आरईएम झोपेत, म्हणजे मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरत असतात तेव्हा. मग त्यांना उठवून विचारलं. बऱ्याच जणांच्या स्वप्नात पाणी पोचलं होतं. एकाच्या स्वप्नात नाटक चाललं होतं आणि नायिकेच्या अंगावर छपरातून पाणी गळत होतं!

वेळेचा हिशेब मात्र साफ फसलाय. चित्रपटात बाहेरची पाच मिनिटं म्हणजे आतला एक तास. डिमेंट आणि क्लाइटमन यांनी १९५७ साली लोकांना आरईएम सुरू झाल्यावर पाच किंवा पंधरा मिनिटांनी उठवलं आणि विचारलं, स्वप्न किती वेळ चाललं होतं? बहुतेकांनी बरोबर सांगितलं.

आता विचार पेरण्याचं, कारण या वेळी टोळीला विचार चोरायचा नाही, दुसऱ्याच्या डोक्यात घालायचाय. राजा हरिश्चंद्रानं राज्य दिलं स्वप्नात आणि सोडलं जागेपणी. विश्वामित्रांना त्यासाठी ना यंत्र लागलं, ना टोळी. फिशर या उद्योगपतीच्या मुलाला बापाचं उद्योगसाम्राज्य मोडायला लावायचं म्हणून इथे मात्र स्वप्नाच्या पोटात स्वप्न, त्याच्याही पोटात तिसरं. मला ही सगळी खटपट आवडते, कारण विचार आपलाच आहे असं फिशरला वाटलं पाहिजे, ही अट त्यांनी स्वतःवर घातलीय. नुसता हुकूम स्वप्नात ऐकवला असता तर तो जागा होऊन विसरला असता.

आणि खरंखुरं शिरणं? २०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी मिळून एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण स्वप्नात आहोत हे ज्यांना स्वप्नातच कळतं, अशा झोपलेल्यांना त्यांनी प्रश्न विचारले. आठातून सहा गेले, किती उरले? झोपेत बाकीचं शरीर लुळं असतं, पण डोळे हलतात. एकानं डोळे डावी-उजवीकडे दोनदा फिरवून उत्तर दिलं. काहींना प्रश्न आकाशवाणीसारखा ऐकू आला, काहींना स्वप्नातल्याच एखाद्या वस्तूतून, उदाहरणार्थ रेडिओतून.

पण हे जमतं ते स्वप्न पाहणारा शुद्धीत असेल तरच, आणि चोराला नेमकं तेच नको असतं. तरी कॉब हॉटेलच्या बारमध्ये फिशरजवळ जातो आणि त्याला सरळ सांगून टाकतो, तू स्वप्नात आहेस, मी तुझा रक्षक. साथीदारांना हा डाव वेडेपणाचा वाटतो. मला विचाराल तर चित्रपटातला सगळ्यात हुशार प्रसंग तोच.