पडवीतल्या मिलिंग मशीनचं खोकं

(दृश्य: कौलारू पडवी. पत्र्याच्या डब्यात साठलेला ॲल्युमिनियमचा चमकता बुरादा.)

आईच्या तळपायातून ॲल्युमिनियमचं कुसळ काढायला मला अर्धा तास लागला. सुई, बॅटरी आणि तिचाच चष्मा. कुसळ तांदळाच्या कणीएवढंही नव्हतं. "तुझं लोखंड आता देवघरापर्यंत आलं बघ," एवढंच ती म्हणाली. रागावली नाही, म्हणून जास्त लागलं. त्याच दुपारी मशीन बंद ठेवून, त्याच्याभोवती खोकं बांधायचं म्हणून मी टेप घेऊन मोजायला बसलो.

(दृश्य: मशीनचं टेबल डावीकडून उजवीकडे सरकतं.)

कोल्हापुरातल्या आमच्या घरामागच्या पडवीत हे छोटं मिलिंग मशीन आहे, फिरत्या कटरने धातू कापणारं. हाताची चाकं काढून मी त्याला मोटरी बसवल्या, त्याचं सीएनसी केलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं. आयटीआयला आम्ही एचएमटीच्या एफएन-२ या मिलिंग मशीनवर शिकलो. ती मशीनं उघडी असायची. माणूस समोर उभा, चाक त्याच्या हातात; बुरादा अंगावर यायला लागला की तो हात आवरता घ्यायचा. कॉम्प्युटरवर चालणारं मशीन हात आवरत नाही. १२ मिलिमीटरचा कटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, तेव्हा त्याची धार मिनिटाला ११३ मीटर धावते. वरून कूलंटची, म्हणजे कटर थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याची, धार. मग बुरादा आणि कूलंट मिळून भिंतीवर, जमिनीवर, चपलांत.

धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण हवं, असं १९४८ च्या कारखाने कायद्याचं २१ वं कलम सांगायचं. घरातल्या पडवीला तो कायदा लागत नव्हता. इथे कुंपण मीच घालायचं होतं.

पहिली चूक मोजतानाच व्हायची होती. मशीन केवढं आहे ते मी मोजत होतो. पण खोक्यात मशीन मावून भागत नाही, त्याची हालचाल मावावी लागते. टेबल ७०० मिलिमीटरचं, सरकतं ४५०. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत ११५०. उजवीकडच्या मोटरीचे १३०. शिवाय टेबल आणि पत्रा यांच्यात हात चिरडू नये म्हणून दोन्ही बाजूंना शंभर-शंभर. झाले १४८०. पाऊण मीटरच्या मशीनला दीड मीटरचं खोकं!

(दृश्य: वेल्डिंगच्या ठिणग्या. गुण्या लावून कोपरा तपासणारे हात.)

सांगाडा २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा. आधी नुसते टाके मारले, दोन्ही कर्ण मोजले, सारखे आल्यावरच पूर्ण वेल्डिंग. त्यावर १८ गेजचा जीपी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला सपाट पत्रा. पत्र्याला पत्रा कडेला कड भिडवला आणि फटीत सिलिकॉन भरलं. दिसायला देखणं झालं होतं. महिन्याभरात तळाशी पांढरं पाणी झिरपायला लागलं. कूलंटमधल्या तेलाने सिलिकॉन पत्र्यापासून सुटत होतं. पुसून परत भरलं, परत सुटलं.

(दृश्य: छपरावर कौलं बदलणारे हात.)

मे महिना होता. पडवीची शाकारणी चालली होती. कौलं शाकारणारे काका वळचणीपासून सुरुवात करतात आणि वर चढत जातात. प्रत्येक वरचं कौल खालच्यावर चढतं. फटीत ते काहीही भरत नाहीत. फट उघडीच असते, पण पाणी तिच्यापर्यंत पोचायच्या आत पुढच्या कौलावर उतरलेलं असतं. कोल्हापूरचा जुलै हे छप्पर अंगावर घेतं, आणि मी खाली सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या करत होतो!

सगळे पत्रे उतरवले. छपरावर पाणी बाहेरून येतं, खोक्यात ते आतून उडतं. म्हणून इथे वरच्या पत्र्याची खालची कड खालच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला आली पाहिजे. तळाच्या परातीपासून सुरुवात केली, वर चढत गेलो, प्रत्येक सांध्याला ४० मिलिमीटरचा चढाव दिला. परातीला एका कोपऱ्याकडे उतार, मीटरला २० मिलिमीटर. कोपऱ्यात चाळण, चाळणीखाली टाकी.

समोरची खिडकी पॉलिकार्बोनेट या चिवट पारदर्शक प्लास्टिकची, ६ मिलिमीटर जाड, भरीव. छपरांना वापरतात ती पोकळ नव्हे. ॲक्रिलिक स्वस्त पडलं असतं, पण कटरचा तुकडा लागला तर ते फुटून त्याच्याच सुऱ्या होतात. ही खिडकीही आतून बसवली. तुकडा आदळला तर तो तिला चौकटीवर दाबतो, बाहेर ढकलत नाही. आणि तिची खालची कड परातीच्या आत उतरते. कौलाचाच हिशेब.

सरकती दारं वरच्या रुळाला टांगलेली आहेत. खाली नुसता मार्गदर्शक तुकडा ठेवला. खाली रूळ केला असता तर बुराद्याने तो आठवड्यात भरला असता. दाराला लिमिट स्विच आहे. दार बंद असतानाच त्यातून वीज वाहते. दार उघडलं, किंवा वायर तुटली, तरी स्पिंडलचा, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या मोटरीचा, पुरवठा जातो. मोटर लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरत राहते. तेवढा वेळ मी हात पाठीमागे धरतो. ही सवय मुद्दाम लावून घेतली.

(दृश्य: तांब्याने आतल्या भिंतींवर पाणी ओतलं जातं. बाहेर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं.)

कूलंट घालण्याआधी साध्या पाण्याची परीक्षा घेतली. वर्तमानपत्रं पसरली आणि आतून तांब्यावर तांबे ओतले. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका उमटला. तिथे मी केबलसाठी भोक पाडलं होतं, ते वरच्या बाजूला हलवलं. दुसऱ्या खेपेला कागद कोरडा राहिला. मग पाण्यात कूलंटचं तेल सोडलं, शंभरात सहा भाग. पाण्यात तेल घालायचं, तेलात पाणी नाही. उलट केलं तर नीट मिसळत नाही.

(दृश्य: मशीन चालू. खिडकीवर पांढरे ओघळ. मागून आई येते, वाकून आत पाहते.)

पॉलिकार्बोनेट कूलंटमध्ये वर्षानुवर्षं भिजलं की दिसायला तसंच राहतं, पण आतून ठिसूळ होत जातं. थिनरने पुसलं तर बारीक तडे जातात. म्हणून खिडकी साबणाच्या पाण्यानेच धुतो. बसवली त्या दिवसाची तारीख तिच्या वरच्या कोपऱ्यात, बाहेरच्या बाजूने, काळ्या मार्करने लिहून ठेवली आहे.