वरातीतले हात का थरथरतात?

ही माझ्या ताईच्या लग्नातली वरात, २००४ सालची, मिनी डीव्ही टेपवर, म्हणजे कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल कॅसेटवर, शूट केलेली. पोरं लेझीम खेळतायत, त्यांच्या हातांकडे नीट बघा. हात वर जातो, जरासा मागे येतो, परत उडी मारून पुढे. बाजूला उभी असलेली माणसं मात्र एकदम स्वच्छ, जे हलतंय तेच थरथरतंय. आम्ही घरात कित्येक वर्षं म्हणत होतो टेप खराब झाली, आणि टेपला काहीच झालेलं नव्हतं, चूक तिची डीव्हीडी बनवताना झाली होती.

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल सिस्टीममध्ये सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण हे कॅमेरे अख्खी फ्रेम एका दमात टिपत नव्हते. चित्राच्या ५७६ ओळी, त्यातल्या एकाआड एक २८८ आधी घ्यायच्या आणि मधल्या राहिलेल्या २८८ बरोबर २० मिलिसेकंदांनी. या अर्ध्या चित्राला म्हणतात फील्ड. म्हणजे सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येकात वेगळा क्षण, आणि पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ते तसेच एकामागोमाग उमटायचे, त्यामुळे हालचाल इतकी सुळसुळीत दिसायची. मला हे तंत्र खरंच फार आवडतं.

आता प्रश्न एवढाच की पहिलं फील्ड कुठलं? अगदी वरच्या ओळीपासून सुरू होणारं, की तिच्या खालच्या? डीव्हीमध्ये, म्हणजे आमच्या टेपवर, खालचं आधी, १०८०आय म्हणजे १०८० ओळींच्या फील्डवाल्या एचडीमध्ये वरचं आधी. डीव्हीडीला दोन्ही चालतं, फक्त फाइलमधली खूण बरोबर पाहिजे. आमच्या डीव्हीडीत फुटेज डीव्हीचं आणि खूण 'वरचं आधी'. मग टीव्ही तरी काय करणार, १, २, ३, ४ ऐवजी दाखवतो २, १, ४, ३. एक पाऊल मागे, तीन पुढे, असं सेकंदाला २५ वेळा.

कॉम्प्युटरवर हे कळतही नाही, कारण तिथे दोन्ही फील्ड एकत्र दिसतात आणि क्रम बरोबर असो की चूक, कंगव्याच्या दातांसारख्या रेषा त्याच. फील्ड वेगळे करून एकेक पुढे सरकवा, हात मागे आला की समजायचं क्रम उलटा आहे.

एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये आधी क्रम नीट सांगायचा, मग बीडब्ल्यूडिफ नाहीतर यॅडिफ हा फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवणारा फिल्टर लावून सेकंदाला ५० फ्रेमची फाइल काढायची. कृपा करून त्याआधी साइझ बदलू नका, ५७६ चं १०८० केलं की दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग त्या कुणालाच वेगळ्या करता येत नाहीत. वरून एकच ओळ क्रॉप केली तरी क्रम उलटतो, हे तर मला फार उशिरा कळलं.

टेप फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर परत कॅप्चर केली, तासाला साधारण १३ जीबी.

हे बघा, तीच वरात. फेटा बांधलेला तो आमचा मामा, हात सरळ वर जातोय आणि सरळ खाली येतोय.