सह्याद्रीचा पाऊस कोणत्या समुद्राचा?

महाबळेश्वरला वर्षभरात साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो घेऊन येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे दक्षिण हिंदी महासागरावरून निघतात आणि अरबी समुद्र ओलांडताना त्याचीही वाफ उचलतात. घाटमाथ्यावरून समुद्र पश्चिमेला जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर. पण कृष्णेच्या खोऱ्यात पडलेले पाणी तिकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1400 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराची वाट धरते. गोदावरीचेही तसेच. कोयनेचे काही पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडले जाते आणि दाभोळला अरबी समुद्रास मिळते, पण ती वाट माणसाने काढलेली आहे.

पृथ्वीवरच्या एकूण बाष्पीभवनापैकी सुमारे 86 टक्के समुद्रावरून होते आणि एकूण पावसापैकी सुमारे 78 टक्के समुद्रावरच पडतो. उरलेली तूट मुख्यतः नद्या भरून काढतात, मात्र प्रत्येक समुद्राच्या वाट्याला सारखे पाणी येत नाही. अरबी समुद्रावरून जेवढी वाफ उडते तेवढा पाऊस त्याच्यावर पडत नाही, शिवाय त्याला मिळणाऱ्या मोठ्या नद्याही थोड्याच. बंगालच्या उपसागरात याच्या नेमके उलट घडते: तिथे पाऊस बाष्पीभवनापेक्षा अधिक पडतो आणि वर गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी यांचे पाणी येऊन मिळते.

वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून क्षारता ही समुद्राची खतावणीच म्हणावी लागेल. उत्तर अरबी समुद्राच्या एक किलोग्रॅम पृष्ठजलात 36 ग्रॅमहून अधिक क्षार असतात, तर उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर ते 30 ग्रॅमच्याही खाली जातात.

उपसागरातले हे कमी खारट पाणी हलके असल्यामुळे वरच पसरून राहते आणि खालच्या पाण्यात सहजासहजी मिसळत नाही. उन्हाची उष्णता या पातळ थरातच साठते, पृष्ठभागाचे तापमान 28 अंश सेल्सिअसच्या वर टिकते आणि तिथे कमी दाबाचे पट्टे तयार होण्यास मदत होते. विदर्भातला बराचसा पाऊस याच पट्ट्यांबरोबर येतो. म्हणजे नद्यांनी समुद्रात नेऊन टाकलेले पाणी पुढच्या पावसालाही हातभार लावते.

अरबी समुद्र मग वर्षागणिक अधिकाधिक खारट का होत जात नाही? हिवाळ्यात वारे उलटले की उपसागरातले कमी क्षारतेचे पाणी श्रीलंकेला वळसा घालून भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकते, आणि पावसाळ्यात अरबी समुद्राचे खारट पाणी श्रीलंकेच्या दक्षिणेकडून उपसागरात शिरते.

या देवघेवीची नोंद ठेवणारे आर्गो तरंगक साधारण माणसाच्या उंचीचे असतात. तरंगक एक हजार मीटर खोलीवर वाहत राहतो, सुमारे दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना पाण्याचे तापमान व विद्युतवाहकता मोजतो. वाहकतेवरून क्षारता काढली जाते आणि आकडे उपग्रहाकडे पाठवून तो पुन्हा बुडी मारतो.

जहाजांच्या जुन्या नोंदी या आकड्यांशी जोडून पाहिल्या, तेव्हा 1950 नंतर खारट सागरी भाग अधिक खारट आणि कमी खारट भाग आणखी गोडे होत गेल्याचे दिसले. जलचक्राचा वेग वाढल्याचा हा पुरावा जमिनीवरच्या पर्जन्यमापकांपेक्षा अधिक बोलका आहे, कारण तीन चतुर्थांशांहून अधिक पाऊस जिथे पडतो तिथे पर्जन्यमापक जवळजवळ नाहीतच.