ठेका यंत्राचा, गळा कुणाचा?

(पडद्यावर: समुद्र, दाट झाडीचं बेट, मग फिरणारी तबकडी)

पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटं आहेत. त्यांतल्या मलायटा बेटावर १९७० च्या सुमारास ह्यूगो झेम्प हे संगीताचे अभ्यासक ध्वनिमुद्रण करत हिंडत होते. बाएगू समाजातल्या आफुनाक्वा नावाच्या बाईंनी त्यांच्यासमोर एक अंगाई म्हटली. धाकट्या भावाची समजूत घालणारी अंगाई. रडू नकोस, वडील आता परत यायचे नाहीत, असा तिचा भाव. १९७३ मध्ये युनेस्कोच्या मालिकेत ती तबकडीवर आली.

वीसेक वर्षांनी तोच गळा जगभरच्या नाचघरांत घुमू लागला. फ्रान्सच्या एरिक मूके आणि मिशेल सांचेझ या जोडीने १९९२ मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या नावाने अल्बम काढला आणि त्यात ही अंगाई सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या ठेक्यावर बसवली. गाणं अफाट चाललं. पण अल्बमची सगळी मांडणी मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांभोवती होती, त्यामुळे ही अंगाईही तिथलीच, असा लोकांचा समज झाला. १९९६ मध्ये नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी ती चाल वाजवली, तीही पिग्मींची अंगाई म्हणूनच! त्याच वर्षी झेम्प यांनी आपल्या ध्वनिमुद्रणाच्या अशा वापरावर जाहीर आक्षेप घेतला.

ते गाणं सुंदर झालं होतं, यात शंका नाही. म्हणून तर हळहळ जास्त वाटते. कोट्यवधी लोकांच्या ओठांवर ती चाल रुळली, आणि गाणारीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

(पडद्यावर: संगणकाच्या पडद्यावर आवाजाची लाट, त्यावर ठेक्याच्या उभ्या रेघा)

असा गळा या ठेक्यावर बसतो कसा, ते जरा जवळून पाहू.

हाऊस या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडतात, आणि एकही ठोका हलत नाही. परंपरेतला गायक असा बांधलेला नसतो. तो श्वास पुरेल तोवर सूर धरतो, शब्दाच्या वजनाप्रमाणे लय सैल सोडतो. पडद्यावर पाहिलं तर ओळीचा पहिला शब्द रेघेच्या किंचित अलीकडे पडलेला असतो आणि शेवटचा पार पुढे निघून गेलेला. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्षर ओढून रेघेवर आणता येतं. तसं केलं की गाणं मोजून मापून बरोबर येतं आणि गाणारा त्यातून नाहीसा होतो. जाणता निर्माता ओळीतलं एखादंच वजनदार अक्षर समेवर आणतो. बाकीची ओळ तो तरंगू देतो.

सुराचा पेच याहून अवघड. सिंथेसायझरवर सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा. सेंट म्हणजे दोन सुरांमधलं अंतर मोजायचं माप. त्यामुळे षड्जापासून शुद्ध गंधार बरोबर ४०० सेंटवर येतो. षड्जाशी नैसर्गिकरीत्या जुळणारा गंधार मात्र ३८६ सेंटच्या आसपास असतो. फरक अवघा १४ सेंटचा, पण ज्याने तंबोऱ्यावर कान घासलेत त्याला तो लगेच बोचतो. ऑटोट्यून हे सूर ‘सुधारणारं’ सॉफ्टवेअर हा गंधार उचलून ४०० वर नेऊन ठेवतं, आणि त्याची गोडीच जाते. म्हणून अशा आवाजाखाली भरगच्च कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) रचण्यापेक्षा खर्जात एकच सूर धरून ठेवलेला बरा. गळ्याला हवं तिथे जायची मोकळीक राहते.

बल्गेरियातल्या काही भागांतल्या बायका तर दोन अगदी शेजारचे सूर मुद्दाम एकत्र लावतात. ते सूर एकमेकांवर घासतात आणि हवेत थरथर उठते. तीच त्या गाण्याची ओळख. ती ‘दुरुस्त’ करायला गेलं तर हाती काहीच उरत नाही.

कव्वालीचं काम त्या मानाने सोपं, कारण तिला टाळ्यांचा ठेका आधीपासूनच आहे. नुसरत फतेह अली खान यांचं ‘मस्त मस्त’ ब्रिटनच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या गटाने नव्याने घडवलं, तेव्हा त्यांनी लय उलट संथ, जड केली आणि मधे भरपूर जागा सोडली. मला या सगळ्या प्रयोगांत तो सर्वांत समंजस वाटतो.

(पडद्यावर: तैवानचा पूर्व किनारा)

तैवानमध्ये मात्र हिशोब मागितला गेला. तिथल्या आमिस या आदिवासी समाजातले दीफांग आणि त्यांच्या पत्नी इगाय यांचं गाणं १९८८ मध्ये फ्रान्समध्ये ध्वनिमुद्रित झालं होतं. ‘एनिग्मा’ या जर्मन संगीत प्रकल्पाने ते १९९३ च्या अखेरीस आलेल्या अल्बममध्ये वापरलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या प्रचारात ते सगळीकडे वाजलं, गायकांचं नाव न येता. १९९८ मध्ये या दांपत्याने दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि त्यांना श्रेय मिळालं. दीफांग यांनी स्वतःच्या नावावर इलेक्ट्रॉनिक साथीचा अल्बमही काढला. म्हणजे त्यांचं भांडण यंत्राशी नव्हतंच.

(पडद्यावर: मोठ्या ढोलाभोवती बसलेले गायक, मागे डीजेचं टेबल)

आता चित्र पालटतंय, कारण गाणारे स्वतःच स्टुडिओत येऊन बसलेत. युक्रेनच्या ‘गो-ए’ या गटाची कातेरिना पाव्लेंको मोकळ्या माळावर ऐकू जाईल असा खुल्या छातीचा आवाज लावते. २०२१ मध्ये रॉटरडॅमच्या युरोव्हिजन स्पर्धेत त्यांनी वसंताच्या जुन्या लोकगीतावरचं गाणं सादर केलं. त्यात ठेका एका जागी थांबत नाही. गळ्याबरोबर तो चढत जातो, शेवटी तर धावतोच. ते पाचवे आले.

कॅनडात ओटावाच्या आदिवासी डीजेंनी ‘अ ट्राइब कॉल्ड रेड’ हा गट उभा केला. पुढे त्याचं नाव ‘द हलुसी नेशन’ झालं. पॉवव्वा या आदिवासींच्या नाच-गाण्याच्या मेळ्यात मोठ्या ढोलाभोवती बसून गाणाऱ्यांचा आवाज त्यांनी डबस्टेप या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताच्या दणक्यात आणला. २०१६ च्या त्यांच्या अल्बममध्ये क्वेबेकच्या आतिकामेक समाजातला ‘ब्लॅक बेअर’ हा ढोल-गायकांचा गट आहे. गाण्यांच्या यादीत, शीर्षकाला लागूनच, त्यांचं नाव छापलेलं आहे.