सरवा

(दृश्य: करवीर तालुक्यातलं रान, भुईमूग निघालेला. खुरप्यांचा आवाज तसाच ठेवावा.)

वेल उपटून झाले, शेंगा तोडून पोती घरी गेली. आता रानात मालकाचं काही उरलं नाही, असं धरतात. तरी या बाया ओळीनं बसल्यात. वेल ओढताना देठ तुटतो आणि पिकलेली शेंग मातीतच राहते. जमीन वाळून घट्ट झाली असेल तर जास्तच. खुरप्यानं ढेकूळ उलटायचं, माती बोटांनी चाळायची, शेंग ओच्यात टाकायची. हा सरवा.

(दृश्य: ओच्यातल्या शेंगा, जवळून.)

इंग्रजीत या कामाला स्वतंत्र क्रियापद आहे: ग्लीन. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं वेचणं, हा त्याचा शेतातला अर्थ. इंग्रजीत ते चौदाव्या शतकात आलं, जुन्या फ्रेंचमधून. त्याआधी उत्तरकाळातल्या लॅटिनमध्ये ‘ग्लेनारे’, आणि लॅटिननं ते बहुधा केल्टिक बोलींतून उचललं. म्हणजे रोमनांनी जिंकलेल्या मुलखातल्या कुणब्यांचा शब्द जिंकणाऱ्यांच्या भाषेत गेला असावा. आज हे क्रियापद जास्त करून माहिती गोळा करण्यासाठी वापरतात. त्यात कंबर दुखत नाही.

(दृश्य: मिले यांचं चित्र. कॅमेरा हळूहळू मागच्या घोडेस्वारापर्यंत न्यावा.)

फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिले, 1857. हे चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. पुढं सरवा वेचणाऱ्या तीन बाया, मागं धान्याच्या गंज्या, आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेला देखरेख्या. त्याच्याकडं नीट बघा.

कारण वेचणं ही मेहेरबानी की हक्क, हा वाद जुना आहे. बायबलातल्या लेवीय या पुस्तकात आज्ञाच आहे: शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मराठी बायबलातही शब्द ‘सरवा’च. महाभारतात कुरुक्षेत्रावरचा गरीब ब्राह्मण उंछवृत्तीनं, म्हणजे पडलेले दाणे वेचून जगतो. त्याच्या मूठभर सातूच्या पिठापुढं युधिष्ठिराचा अश्वमेध फिका, असं मुंगूस भर यज्ञात सांगतं. इंग्लंडात मात्र प्रकरण कोर्टात गेलं. सफोकमधल्या टिमवर्थ गावात मेरी हॉटन हिनं स्टील नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा वेचला. 1788 मध्ये निकाल लागला: कायद्यानं असा हक्क कुणालाच नाही. चारांतल्या एका न्यायाधीशाचं मत वेगळं पडलं. गावांनी निकाल फारसा मनावर घेतला नाही. पुढं एकोणिसाव्या शतकातही कित्येक गावांत चर्चची घंटा वाजली की बाया-पोरं शेतात उतरायची.

(दृश्य: बांधावर बसलेल्या आजी. इथं निवेदन नाही, त्यांचं बोलणं पूर्ण जाऊ द्यावं.)

(दृश्य: उसाचा फड, तोड चालू.)

ऊस आला त्या रानातून शेंगा गेल्या, सरवाही गेला. फडातून न्यायला मिळतं ते वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि तेही आता विकत. त्याचा हिशेब पुढच्या भागात.