फायरवॉल मोडेमच्या मागे, पण घर फायरवॉलच्या मागे

मंडळी, डीएसएल मोडेमच्या (फोनच्या तारेतून इंटरनेट आणणाऱ्या) मागे फायरवॉल, म्हणजे नेटची ये-जा तपासून नको ते अडवणारं यंत्र, बसवली तरी मोडेमचं वायफाय चालूच राहतं. मग फोन आणि टीव्ही त्यालाच जोडलेले, आणि फायरवॉलमागे एकटा कॉम्प्युटर. म्हणून सगळ्यात आधी मोडेमचं वायफाय बंद करा. घरातलं प्रत्येक यंत्र फायरवॉलमधूनच बाहेर गेलं पाहिजे.

सामान फार लागत नाही. दोन नेटवर्क पोर्टचा छोटा पीसी, ४ जीबी रॅम, १६ जीबी डिस्क, त्यावर ओपीएनसेन्स ही फायरवॉलची प्रणाली. किंवा ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची प्रणाली चालणारा राउटर. जुना पीसी असेल तर नागपूरच्या सीताबर्डी बाजारात दुसरं नेटवर्क कार्ड सहज मिळेल. इंटेल चिपचं घ्या, त्याचे ड्रायव्हर त्रास देत नाहीत.

आता मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो नुसता जोडणी पुढे देतो आणि लॉगिन फायरवॉल करते. त्याआधी व्हीपीआय-व्हीसीआय (लाइनवरची जोडणी ओळखणारे) आकडे कागदावर उतरवा. बीएसएनएलच्या तांब्याच्या एडीएसएल लाइनवर सहसा ०/३५ असतात. रीसेट झाल्यावर हेच आकडे सापडत नाहीत आणि दिवस वाया जातो. ब्रिज केला की पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड फायरवॉलच्या वॅन, म्हणजे मोडेमकडच्या, पोर्टवर भरायचं. ब्रिज न करता मागे नुसती फायरवॉल जोडली तर नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी बाहेरचा एकच पत्ता लावणं) दोनदा होतो. ब्राउझिंग चालतं, पण बाहेरून घरी येणारा व्हीपीएन (घराच्या नेटवर्कची सुरक्षित जोडणी) अडतो.

मोडेमचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, आणि ओपनडब्ल्यूआरटीचाही तोच. दोन्हीकडे एकच पत्ता राहिला तर मोडेमचं सेटिंगचं पान उघडणार नाही. आतलं नेटवर्क १९२.१६८.१०.१ वर न्या.

सगळ्यात जास्त छळतो तो एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं, त्यातले ८ पीपीपीओई खातं, उरले १४९२. हा आकडा चुकला की लक्षणं फसवी असतात: पिंग (चाचणीचं छोटं पाकीट) जातो, साधी पानं उघडतात, पण बँकेचं पान अर्ध्यावर अडकतं. लोक मग लाइनला दोष देतात. विंडोजवर तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४६४ बाइटचा पिंग करा. हेडरचे २८ धरून बरोबर १४९२ होतात. तो गेला आणि १४६५ चा अडकला, तर आकडा बरोबर. तरीही पानं अडकत असतील तर एमएसएस (पाकिटातल्या मजकुराची कमाल मर्यादा) १४५२ वर बांधा.

वायफायसाठी जुना राउटर चालेल. त्याला आतल्या नेटवर्कमधला रिकामा पत्ता द्या, त्याचा डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, आणि केबल त्याच्या लॅन (घरातल्या बाजूच्या) पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये नाही. फायरवॉलमध्ये यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर आतलं कुठलंही यंत्र स्वतःच दार उघडून घेतं. आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर तिथं सहसा नॅट नसतो, म्हणून आत येणारं सगळं अडवणारा नियम त्यालाही लागू आहे ना, ते पाहा.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बिनपंख्याचा डबा माळ्यावर किंवा बंद टीव्ही युनिटमध्ये ठेवू नका. तापला की तो मधेच रीस्टार्ट होतो. कूलरच्या ओल्या झोतातही नको. आणि मृगाच्या विजा फोनच्या तारेतून येतात, तेव्हा वीजपुरवठ्याबरोबर फोनच्या जॅकलाही सर्ज प्रोटेक्टर हवाच.

शेवटी मोबाइल डेटावरून घराचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, बंद आहेत का ते तपासा. मात्र वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल, तर तुम्ही कंपनीच्या नॅटमागे आहात. मग ती तपासणी तुमच्या फायरवॉलची नाही, कंपनीच्या यंत्राची होते.