सुंगटाचं साल कुठे जातं?

गोव्यातली मालीम जेटी, सकाळची वेळ. ट्रॉलर लागलेत, क्रेट उतरतायत, पायाखाली सगळं बर्फाचं पाणी आणि डोक्यावर घारी. यातली कोळंबी, म्हणजे आपली सुंगटं, बाजारात पोचली की सोलायला बसतात. हात बघा त्या बाईंचे. डोकं मोडलं, साल ओढलं, काळा दोरा काढला, पुढचं. मांस ताटात, डोकी आणि सालं पिशवीत. ही पिशवी हलकी नाही हां, अख्ख्या कोळंबीच्या वजनातला जवळजवळ अर्धा भाग डोकं आणि साल असतो, आणि जातो कचऱ्यात. तेही प्लॅस्टिकच्या पिशवीतून!

त्या सालात मुख्य तीन गोष्टी: कॅल्शियम कार्बोनेट, प्रोटीन आणि कायटिन. कायटिन हा निसर्गातला पॉलिमर, म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी, झाडाला जसं सेल्युलोज तसं कुर्ल्यांना, किड्यांना कायटिन. अळंब्यांतही असतं, पहिल्यांदा सापडलं ते अळंब्यातच, १८११ मध्ये, आंरी ब्राकोनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला.

आता लॅबमध्ये या. धुऊन, वाळवून, भरडलेली सालं, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं की हा असा फेस येतो. कार्बोनेट विरघळतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचे हे बुडबुडे. मग पातळ कॉस्टिक सोड्यात गरम करायचं, प्रोटीन निघून जातं. उरलं ते कायटिन. पण ते कशातच सहजी विरघळत नाही, मग त्याचं करणार काय? म्हणून तिसरी पायरी, चाळीस-पन्नास टक्क्यांचा कडक कॉस्टिक आणि शंभर डिग्रीच्या आसपास उष्णता, घरी अजिबात करू नका. यात साखळीला चिकटलेले ॲसिटिल नावाचे छोटे अणुगट निघतात आणि कायटिनचं होतं कायटोसन. हे मात्र पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळतं, म्हणजे आपल्या माडाच्या व्हिनेगरला जे आंबट करतं त्याच ॲसिडमध्ये. ते घट्टसर द्रावण बशीत ओतलं, वाळू दिलं, आणि आता कडेने हळूच सोलतायत बघा. पारदर्शक, किंचित पिवळसर, सेलोफेनसारखी फिल्म.

रक्त थांबवणाऱ्या पट्ट्या, फळं टिकवणारा लेप, गढूळ पाणी निवळणं, यात कायटोसन आधीच वापरतात. ओलाव्याने ही फिल्म फुगते आणि ॲसिड-कॉस्टिकचं सांडपाणी साफ करायचा खर्च आहे, तेही खरं.

पण तंत्र काही नवीन नाही, कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने ते केव्हाच बसवलंय. आपल्याकडे अडतंय ते या पिशवीपाशी. उन्हात साल काही तासांतच वास मारायला लागतं, त्यात बाकीचा कचरा मिसळला की लॅबच्या कामाचं राहत नाही. बाजारात एक वेगळा ड्रम, थोडा बर्फ आणि रोज ठरल्या वेळी येणारी गाडी, एवढं जरी झालं तरी सुरुवात होईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांसाठी सालं आधीच वाळवून ठेवावी लागतील. आणि सोलणाऱ्या बायकांनी सालं वेगळी का ठेवायची, त्यांना किलोमागे किती मिळणार, हे गाडी सुरू व्हायच्या आधी ठरायला हवं.